प्रबंधाचे तक्ते कशात करावेत: एक्सेल, एसपीएसएस की आर?

सामाजिक शास्त्रांत किंवा वाणिज्य शाखेत पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नावल्या भरून आल्या, की तो गठ्ठा टेबलावर पडतो आणि हे सगळे भरायचे कशात हा प्रश्न उभा राहतो. आधीच्या तुकडीतले विद्यार्थी एसपीएसएस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरचे नाव घेतात, कार्यशाळेला आलेले तज्ज्ञ ‘आर ही संगणकीय भाषा शिका’ असे सांगून जातात, आणि लॅपटॉपवर एक्सेल आधीपासूनच असल्यामुळे काम तिथेच सुरू होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये संशोधन आणि प्रकाशन नैतिकतेचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम पीएचडीच्या विद्यार्थ्यांना बंधनकारक केला; पण डेटा भरण्याच्या आणि जपण्याच्या रोजच्या शिस्तीला त्याच्या सहा घटकांत स्वतंत्र जागा नाही, त्यामुळे ही निवड विद्यार्थ्याला बहुधा एकट्यानेच करावी लागते.

या तिन्हींची तुलना करताना कोणते सॉफ्टवेअर अधिक चाचण्या करू शकते हे पाहण्यात फारसा अर्थ नाही, कारण एका प्रबंधाला लागणारी टी-चाचणी, काय-वर्ग चाचणी आणि साधे प्रतिगमन तिन्हींत होते. माझ्या मते निर्णायक प्रश्न वेगळा आहे. तक्ते तयार झाल्यावर मार्गदर्शकांनी ‘या बारा उत्तरदात्यांची उत्तरे अपुरी आहेत, त्यांना वगळून सगळे पुन्हा काढा’ असे सांगितले, तर त्याला किती दिवस लागतील? असे सांगितले जाण्याची शक्यता इतकी मोठी आहे की ते गृहीत धरूनच साधन निवडावे.

एक्सेल

एक्सेलचा मोठा गुण म्हणजे सगळा डेटा डोळ्यांसमोर असतो. तीनशे-चारशे फॉर्म असतील, प्रत्येकात चाळीस-पन्नास प्रश्न असतील आणि भरणारी व्यक्ती एकच असेल, तर फिल्टर, पिव्होट टेबल आणि डेटा व्हॅलिडेशन एवढ्यावर बरेच काम निभावते. वय या स्तंभात १८ ते ९९ याबाहेरचा आकडा स्वीकारूच नये असे व्हॅलिडेशनने बजावून ठेवता येते, आणि ही सोय न वापरणारे विद्यार्थी नंतर १७० वर्षांचे उत्तरदाते शोधत बसतात.

दोष असा की भरलेली गोष्ट एक्सेल स्वतःच्या समजुतीनुसार बदलते. एक कोरी शीट उघडून एका घरात इंग्रजी आकड्यांत १२/३ टाइप करावे आणि एंटर दाबावे. भारतीय तारखेची मांडणी असलेल्या संगणकावर तिथे १२ मार्च उमटते, अमेरिकी मांडणी असेल तर ३ डिसेंबर. शेतीविषयक सर्वेक्षणात सातबाऱ्यावरून उतरवलेला गट आणि हिस्सा असा तारीख होऊन बसतो. आता घराचा प्रकार टेक्स्ट करून मूळ क्रमांक परत मिळवू म्हटले, तर ४५३६३ अशासारखी पाच अंकी संख्या पुढे येते, कारण एक्सेल तारखांची मोजणी १ जानेवारी १९०० पासून करते आणि १२ मार्च २०२४ चा त्या मोजणीतला क्रमांक तो आहे. गंमत अशी की ११८/२ हा क्रमांक तसाच राहतो, कारण ११८ तारीख कोणत्याच महिन्यात नसते. परिणामी एकाच स्तंभात काही गट क्रमांक आणि काही तारखा अशी सरमिसळ होते, आणि पहिल्या वीस-तीस ओळी ठीक दिसल्यामुळे ती लक्षातही येत नाही. संकेतांकांच्या आधीची शून्येही अशीच गळतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा संकेतांक २७ आणि गोव्याचा ३० असल्यामुळे आपल्याला हा त्रास जाणवत नाही. पण राजस्थानचा ०८ हा ८ झाला, की दोन फायली जोडताना राजस्थानच्या ओळी जुळत नाहीत.

हा त्रास आपल्यापुरता नाही. जनुकांच्या नावांचे एक्सेलने तारखांत रूपांतर केल्यामुळे, एक्सेलमधील जनुकयाद्या पुरवणी म्हणून जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत चुका असल्याचे २०१६ मध्ये ‘जीनोम बायोलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. अखेर २०२० मध्ये नामकरण समितीने सॉफ्टवेअरपुढे नमते घेतले आणि काही जनुकांची नावेच बदलली. जनुकांच्या नावांसारखा अक्षरे आणि आकडे जोडून आलेला मजकूर तारीख होऊ नये आणि आधीची शून्ये गळू नयेत, अशी सोय एक्सेलमध्ये २०२३ मध्ये आली. १२/३ सारख्या क्रमांकांसाठी, किंवा आवृत्तीच जुनी असेल तर, डेटा भरण्याआधी संपूर्ण स्तंभ टेक्स्ट करून ठेवणे हाच खात्रीचा उपाय आहे. नंतर केल्याने काही साधत नाही.

दुसरा दोष अधिक खोल आहे. एक्सेलमध्ये आपण काय केले याचा माग राहत नाही. माझ्या स्वतःच्या प्रबंधाच्या वेळी मी एकच स्तंभ निवडून सॉर्ट केला, एक्सेलने दिलेली सूचना न वाचता पुढे गेलो आणि फाईल जतन केली. उत्पन्नाचे आकडे शेजाऱ्यांच्या नावावर गेले. मूळ कागदी फॉर्म कपाटात होते म्हणून चार दिवसांत निस्तरले, गुगल फॉर्मवरून उतरवलेली एकच प्रत असती तर कठीण होते.

सूत्रांतली चूक तर त्याहून दडून राहते. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांच्या २०१० च्या निबंधात सरकारी कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांपेक्षा जास्त असलेल्या देशांचा सरासरी वाढदर उणे ०.१ टक्का आला होता. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ एक्सेल फाईल मिळवून पाहिली, तेव्हा सरासरीच्या सूत्राची कक्षा पाच ओळी आधीच संपत असल्याने ऑस्ट्रेलियापासून डेन्मार्कपर्यंतचे पाच देश गळलेले दिसले. २०१३ मध्ये त्याने आपल्या प्राध्यापकांसह दुरुस्त केलेला आकडा २.२ टक्के होता. या तफावतीत एक्सेलच्या चुकीचा वाटा लहान होता. मोठा भाग काही वर्षे वगळण्याचा आणि भारांक देण्याच्या, म्हणजे सरासरीत कोणाला किती वजन द्यायचे हे ठरवण्याच्या, पद्धतीचा होता, हे सांगायला लोक विसरतात. तरीही सूत्र घराच्या आत दडलेले असते आणि वाचणाऱ्याला फक्त उत्तर दिसते, ही अडचण खरीच आहे.

एक्सेलच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. २०१६ पासूनच्या आवृत्त्यांत ‘डेटा’ या टॅबखाली पॉवर क्वेरी आहे, आणि तिथे केलेली प्रत्येक पायरी यादीत नोंदली जाते. मूळ फाईल बदलली, की रिफ्रेश दाबून त्याच पायऱ्या पुन्हा चालवता येतात. ज्यांना एक्सेल सोडायचे नाही त्यांनी आधी हे शिकावे.

एसपीएसएस

एसपीएसएसचा जन्म १९६८ चा, स्टॅनफर्ड विद्यापीठातला, आणि २००९ पासून त्याची मालकी आयबीएमकडे आहे. सर्वेक्षणासाठीच घडवलेले असल्यामुळे काही गोष्टी तिथे एक्सेलपेक्षा स्वच्छ आहेत. प्रत्येक चलाचे नाव, १ म्हणजे ‘पूर्ण सहमत’ आणि ५ म्हणजे ‘पूर्ण असहमत’ असे अर्थ, आणि ९९ म्हणजे ‘उत्तर नाही’, हे सगळे फाईलमध्येच नोंदवता येते. एक्सेलमध्ये ते ९९ बिनदिक्कत सरासरीत मिसळतात.

बहुतेक विद्यार्थी मेनू उघडतात, ओके दाबतात आणि आलेला तक्ता वर्डमध्ये चिकटवतात. त्याच खिडकीत ओकेच्या शेजारी पेस्ट नावाचे बटण असते. ते दाबले की नेमकी आज्ञा मजकूर म्हणून एका फाईलमध्ये लिहिली जाते, आणि अशा आज्ञा साठवत गेले तर बारा उत्तरदाते वगळून सगळे तक्ते पुन्हा काढणे हे दहा मिनिटांचे काम होते. हे बटण न वापरता एसपीएसएस वापरले, तर पुन्हा काढण्याच्या कसोटीवर ते एक्सेलइतकेच उणे ठरते.

खरी अडचण परवान्याची आहे. तो विभागातल्या एखाद्या संगणकापुरता असेल, तर घरून काम होत नाही आणि पदवी मिळाल्यावर स्वतःचीच फाईल त्यात उघडता येत नाही. चोरीची प्रत वापरून त्यावर संशोधन नैतिकतेचा प्रबंध लिहिणे हा विनोद कोणी करू नये. मेनूची सवय हवी आणि पैसे नकोत अशांसाठी जामोवी हा मोफत पर्याय चांगला आहे. त्याच्या आत आरच चालते आणि सिंटॅक्स मोड सुरू केला तर प्रत्येक तक्त्यामागची आज्ञाही दिसते.

आर

आर ही न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी घडवलेली भाषा, तिची १.०.० ही आवृत्ती २००० साली आली. ती पूर्णपणे मोफत आहे. इथे मूळ डेटाला हात लागत नाही. फाईल वाचा, वय १८ पेक्षा कमी असलेले वगळा, तालुक्यानुसार गट करा, सरासरी काढा, असे सगळे एका मजकूर फाईलमध्ये लिहिलेले असते. बारा उत्तरदाते वगळायचे असतील तर एक ओळ वाढते आणि सगळे तक्ते नव्याने उमटतात. मार्गदर्शकांना किंवा बहिःस्थ परीक्षकांना शंका आली, तर ती फाईल पुढे ठेवता येते.

दुय्यम, म्हणजे इतरांनी आधीच गोळा केलेला, डेटा वापरणाऱ्यांपुढे तर फारसा पर्यायच नसतो. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ७,२४,११५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. एक्सेलच्या शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, म्हणजे स्त्रियांची फाईल कशीबशी मावेल. कुटुंबातील सदस्यांची फाईल मात्र २५ लाखांच्या पुढे जाते. मर्यादेबाहेरच्या ओळींचे काय होते हे २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेने अनुभवले, तेव्हा जुन्या एक्सेल स्वरूपाच्या ६५,५३६ ओळींच्या मर्यादेमुळे कोविडचे १५,८४१ रुग्ण काही दिवस मोजणीबाहेर राहिले. शिवाय या सर्वेक्षणात प्रत्येक नोंदीला भारांक असतो, स्त्रियांच्या फाईलमध्ये तो व्ही००५ या स्तंभात दहा लाखांनी गुणून ठेवलेला असतो आणि वापरण्याआधी तेवढ्यानेच भागावा लागतो. नमुना निवडीची गुंतागुंत धरून प्रमाणत्रुटी काढायची, तर एसपीएसएसला कॉम्प्लेक्स सॅम्पल्स हा जादा भाग लागतो. आरमध्ये त्यासाठीचे सर्व्हे पॅकेज मोफत आहे.

मात्र आर शिकण्याचे पहिले दोन महिने जिकिरीचे असतात. स्वल्पविराम राहिला तरी काम अडते, चूक दाखवणारे संदेश इंग्रजीत आणि अर्धवट कळणारे असतात, आणि शेजारी विचारायला कोणी नसेल तर रात्र जाते. सादरीकरणाला तीन महिने उरले असताना आर शिकायला घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगतो.

मराठी मजकुराचा मुद्दा

ज्यांची उत्तरे मराठीत आहेत त्यांच्यासाठी तुलना थोडी बदलते. देवनागरी मजकुराची सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी, फाईल डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, की बरेचदा अक्षरांच्या जागी अनोळखी चिन्हांची माळ दिसते. डेटा टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने यूटीएफ-८ हे युनिकोडचे स्वरूप निवडून ती आणली तर नीट येते, पण साध्या सीएसव्ही प्रकारात जतन केली तर सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हे होतात आणि ती परत फिरत नाहीत. आरमध्ये विंडोजवर हीच रड बरीच वर्षे होती, २०२२ च्या ४.२ आवृत्तीपासून ती बहुतांशी मिटली. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर असेल, तर तिघांपैकी कोणतेही साधन उपयोगी नाही. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते.

युनिकोडमध्येही एक खाच आहे. ‘कऱ्हाड’ हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो: ऱ हे अक्षर आणि हलन्त वापरून, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन गावे आहेत, आणि ‘कराड’ हे तिसरे. पिव्होट टेबलमध्ये एकच गाव तीन ओळींत आले की हेच घडलेले असते. अशा नोंदी हुडकून एकत्र करण्यासाठी ओपनरिफाइन हे मोफत साधन तिन्हींपेक्षा सोयीचे आहे, आणि त्यात केलेली प्रत्येक दुरुस्ती नोंदलेली राहते.

निवड

स्वतः भरलेले पाचशेच्या आतले फॉर्म, मोजके तक्ते आणि हाताशी कमी वेळ असेल, तर एक्सेल पुरे आहे; मूळ शीट वेगळी जपून ठेवावी, काम दुसऱ्या प्रतीवर करावे आणि संकेतांकांचे अर्थ तिसऱ्या शीटवर लिहावेत. चाचण्याही करायच्या असतील तर हीच फाईल जामोवीत उघडावी. विभागात एसपीएसएस आहे आणि मार्गदर्शकांना त्याचेच तक्ते वाचायची सवय आहे, तर तेच घ्यावे, पण पेस्टच्या बटणासह. सर्वेक्षणाचा मोठा दुय्यम डेटा असेल, किंवा पीएचडीनंतरही संशोधनातच राहायचे असेल, तर कोर्सवर्कच्या सहा महिन्यांतच आर सुरू करावी. जामोवीतून तिच्याकडे जाणारी वाट सोपी आहे.

तरीही ठरत नसेल तर भरून आलेल्या गठ्ठ्यातले पहिले वीस फॉर्म घ्यावेत, विचाराधीन असलेल्या दोन साधनांत ते भरावेत आणि प्रत्येकात एकेक तक्ता काढावा. मग त्यांतले दोन फॉर्म बाजूला ठेवून तोच तक्ता पुन्हा काढावा आणि त्याला लागलेला वेळ घड्याळ लावून मोजावा.