रोलर फ्रेम: चार तारे दिले होते, दोन परत घेतेय

माझ्या भरतकामाच्या रोलर फ्रेमच्या (दोन रोलरांमध्ये कापड ताणून धरणाऱ्या लाकडी चौकटीच्या) वरच्या रोलरचा बोल्ट परवा उपटून हातात आला, सोबत चिमूटभर भुसा. कापडाचा ताण क्षणात गेला आणि अर्ध्या भरलेल्या पाकळीवर सुई तशीच लोंबत राहिली. म्हणून हा अनुभव नव्याने लिहितेय. फ्रेम घेतल्याघेतल्या मी चार तारे देऊन मोकळी झाले होते. आता काही महिने तिच्यावर नेमाने काम झालंय, तेव्हा तारेही पुन्हा मोजायला हवेत.

चांगलं ते आधी उरकते. लाकूड सरळ आहे, पीळ धरलेला नाही. कडा नीट घासलेल्या आहेत, रेशमाचा तंतूसुद्धा कुठे अडकत नाही. रोलरवरची कापडी पट्टी सरळ ठोकलेली आहे आणि तिच्यावर मध्याची खूण आहे. ही खूण फार कामाची, कारण कापड पट्टीला शिवताना मध्यापासून दोन्ही टोकांकडे जायचं असतं. एका टोकापासून सुरुवात केली की कापड हळूहळू सरकतं आणि शेवटी तिरकं बसतं. लांब काठाचं काम असेल तर भरतकामाची गोल रिंग पुन्हापुन्हा हलवायची कटकट नाही, भरून झालेल्या भागावर गोल वळ उठत नाहीत. गुंडाळताना मात्र गाठीचे टाके किंवा मणी असतील तर मध्ये मऊ कापडाचा थर घालावा लागतो, नाहीतर चेपतात.

आता बोल्ट.

ज्यांच्याकडे अशी फ्रेम आहे त्यांना रचना सांगायला नको: दोन रोलर, दोन बाजूचे दांडे, चार नॉब. काही फ्रेममध्ये दांड्याच्या टोकाला चीर असते, रोलर दांड्याच्या भोकातून जातो आणि नॉब पिळला की चीर आवळून रोलर पकडला जातो. माझ्या फ्रेममध्ये तसं नाही. इथे बोल्ट थेट रोलरच्या टोकात रोवलेला आहे, तो दांड्यातून बाहेर येतो आणि त्यावर नॉब बसतो. नॉब आवळला की रोलरचं टोक दांड्याला घट्ट टेकतं. रोलरने उलटं फिरू नये म्हणून एवढंच: लाकडाला लाकूड टेकलेलं. दाते नाहीत, खुंटी नाही, काही नाही. आणि ज्या दोन पृष्ठभागांच्या घर्षणावर सगळी मदार, त्यांनाच या लोकांनी आरशासारखं पॉलिश मारलंय!

साहजिकच रोलर घसरतो. भरगच्च सॅटिन टाका घालताना किंवा लाँग अँड शॉर्ट (लांब-आखूड) टाके भरताना कापडावर टिचकी मारली की डफासारखा आवाज आला पाहिजे. सकाळी असा ताण दिला की थोड्या वेळात कापड मधोमध लवायला लागतं. मग नॉब आणखी आवळायचा. प्रत्येक वेळी आवळताना बोल्ट रोलरमधून बाहेर ओढला जातो, आणि तो रोवलाय कुठे, तर रोलरच्या टोकात, जिथे लाकडाचे तंतू उभे उघडे असतात. तंतूंना समांतर घुसलेल्या बोल्टच्या आट्यांना धरायला फारसं काही मिळत नाही. तोच स्क्रू लाकडात आडवा, तंतू कापत गेला तर कितीतरी घट्ट बसतो. कुठल्याही सुताराला हे माहीत असतं. फ्रेम बनवणाऱ्याला ते माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. पॉलिश फोटोत दिसतं, बोल्ट दिसत नाही, एवढाच हिशेब.

विक्रेत्याला कळवलं. पहिलं उत्तर: "मॅडम, नॉब पुरेसा आवळत जा." त्यावर बोल्ट उपटल्याचा फोटो पाठवला. दुसरं उत्तर: "मॅडम, नॉब जरुरीपेक्षा जास्त आवळू नका." पुरेसा म्हणजे किती आणि जास्त म्हणजे किती, हे विचारल्यावर लाकूड ही नैसर्गिक वस्तू असल्याची माहिती मिळाली. नुसता रोलर सुटा मिळत नाही, पूर्ण फ्रेम नवीन घ्या म्हणतात. एका बोल्टसाठी? तक्रारीवर आता "निराकरण झाले" असा शिक्का आहे. निराकरण मी केलं, ते असं.

रोलरच्या टोकापासून थोडं आत, बोल्टच्या वाटेत येईल असं एक आडवं आरपार भोक पाडलं. त्यात कठीण लाकडाची गोल काडी लाकडाच्या गोंदासह ठोकून बसवली आणि रात्रभर वाळू दिली. मग टोकाकडून बोल्टपेक्षा बारीक भोक पाडून बोल्ट पुन्हा फिरवला. आता त्याचे आटे या आडव्या काडीचे तंतू कापून आत जातात, नुसते उभ्या तंतूंमध्ये शिरत नाहीत. शिवाय रोलरची टोकं आणि दांड्याची आतली बाजू घासून पॉलिश काढलं आणि मध्ये जाड पॉलिश पेपरची भोक पाडलेली चकती घातली, खरखरीत बाजू रोलरकडे. चामड्याची किंवा रबराची चकतीही चालते. फरक इतका की आता नॉब दोन बोटांनी आवळून भागतं. उरलेल्या तिन्ही टोकांना, ती शाबूत असतानाच, हाच उपचार केला.

बोल्ट प्रकरण मिटल्यावर तिसरा तारा परत द्यावा असं मनात आलं होतं. तेवढ्यात दुसरी गोष्ट खुपायला लागली. रोलर फ्रेम ताण देते तो फक्त वर-खाली. आडवा ताण शून्य. टाका घट्ट ओढला की कापड दोन्ही कडांनी आत येतं, भरलेल्या भागाभोवती चुण्या पडतात. उपाय जुनाच आहे: कापडाच्या दोन्ही कडांना मजबूत नाडी शिवायची आणि जाड सुतळी नाडीतून दांड्याभोवती, पुन्हा नाडीतून दांड्याभोवती अशी ओवत ताणायची. त्याने चौकट खरोखर खणखणीत होते. पण कापड पुढे गुंडाळायचं म्हणजे दोन्ही बाजूंची सुतळी सोडा, गुंडाळा, पुन्हा ओवा. "झटकन गुंडाळा आणि पुढे चला" हे ज्या गुणासाठी मी पहिल्या मतात कौतुक केलं, तो गुण निम्मा तिथेच संपतो. जाहिरातीतल्या एकाही फोटोत बाजूची ओवण दिसत नाही. तिसरा तारा द्यायचा राहिला तो राहिलाच.

एवढं ओवायचंच असेल तर स्लेट फ्रेम काय वाईट, असं आता वाटतं. तिच्यात आडव्या दांड्यांना खाचा असतात, त्यांतून बाजूच्या भोकं पाडलेल्या पट्ट्या जातात आणि भोकांत खुंट्या बसतात. घर्षणाच्या भरवशावर काहीच नाही. खुंटी जागची हलत नाही. जरदोजीच्या अड्ड्यावर, म्हणजे जरीकामाच्या लाकडी चौकटीवर, कापड चारी बाजूंनी ताणतात, त्यामागचं तत्त्वही हेच. कापड चढवायला वेळ चांगलाच लागतो, तोही वैताग आहेच. पण जरीकाम किंवा खाली भरण घालून उठावदार सॅटिन करणार असाल तर तो वेळ वसूल होतो.

आता अनपेक्षित आनंदाची गोष्ट. रोलरमधला गोंद वाळेपर्यंत हात रिकामे होते, म्हणून जुनी बीच लाकडाची रिंग काढली आणि तिच्या आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळली. हे करावं असं ऐकून होते, कंटाळा करत आले होते. अरुंद, घट्ट विणीची पट्टी घ्यायची, तिरकी, जेमतेम एकावर एक येईल अशी ओढून गुंडाळायची, आणि शेवट आतल्या बाजूला टाक्यांनी पक्का करायचा, म्हणजे फुगवटा कापडाखाली येत नाही. एवढ्याशा पट्टीने रिंगेचं रूपच पालटलं. पूर्वी घसरणारं गुळगुळीत कापड आता जागचं हलत नाही आणि वळही फिका उठतो. रोलर फ्रेमपेक्षा छोट्या नक्षीसाठी ही रिंग सरस, हे लिहिताना पैसे आठवून जीव जळतो, पण आहे ते आहे.

रिंग नवीन घेणार असाल तर दोन्ही कडी एकात एक बसवून उजेडासमोर धरा. मधून प्रकाशाची फट दिसली तर तिथे कापड सुटणार. बांबूच्या स्वस्त, पातळ रिंगांत ही फट हमखास सापडते. बाहेरचं कडं आवळल्यावर लंबगोल होतं. आणि स्क्रू बघा (हो, पुन्हा स्क्रू). त्याच्या डोक्यावर खाच हवी, म्हणजे शेवटचा अर्धा फेरा स्क्रू ड्रायव्हरने देता येतो. नुसत्या बोटांनी तेवढा जोर लागत नाही. उजव्या हाताने भरणाऱ्यांनी स्क्रू घड्याळातल्या दहा-अकराच्या जागी ठेवावा, दोरा अडकत नाही. कापड ओढायचं ते उभ्या आणि आडव्या धाग्याच्या दिशेने. उरेब, म्हणजे तिरकं, ओढलं की रिंगेत गोल दिसणारं फूल काढल्यावर अंड्यासारखं होतं. काम थांबवलं की रिंग काढून ठेवा. मखमल रिंगेत आवळूच नका, तिचे केस बसतात ते बसतातच.

टॅपेस्ट्रीच्या कॅनव्हाससाठी तर ही रोलर फ्रेम मी आता वापरतच नाही. त्याला चार ताणपट्ट्या पुरतात, टोकाच्या खाचा एकमेकींत अडकवून चौकोन होतो. त्या जोडीजोडीने मिळतात, म्हणून दोन मापांच्या जोड्या घेतल्या की हवा तो आयत. कॅनव्हास ठोकताना एका बाजूच्या मध्यावर एक चूक (बारीक खिळा), मग समोरच्या बाजूच्या मध्यावर, मग उरलेल्या दोन मध्यांवर, आणि तिथून कोपऱ्यांकडे. चुका न गंजणाऱ्या हव्यात. अर्ध्या क्रॉसचा तिरका टाका मोकळ्या कॅनव्हासला हमखास तिरपा ओढतो. चारी बाजूंनी ठोकलेला असला की तो ओढा बराच आटोक्यात राहतो. गुंडाळायची सोय नाही, पण सैल पडायला बोल्टही नाही.

तर दोन तारे. एक गुळगुळीत कडांना, एक त्या मध्याच्या खुणेला. ज्यांना लांब काठ भरायचे आहेत, ज्यांच्या घरी ड्रिल आहे आणि सुतळी ओवायचा कंटाळा नाही, त्यांनी घ्यायला हरकत नाही. पण घेण्याआधी विक्रेत्याकडून रोलरच्या टोकाचा जवळून काढलेला फोटो मागा. बोल्ट टोकात रोवलेला दिसला तर चीर असलेल्या दांड्यांची फ्रेम कुठे मिळते ते बघा.