एटिमऑनलाइन रिव्ह्यू: इतिहास झकास, वापराच्या नावाने बोंब

जुन्या इंग्रजी कवितांत डब्ल्यू-ए-आय-एन स्पेलिंगचा ‘वेन’ हमखास आडवा येतो आणि साध्या डिक्शनऱ्या "गाडी, जुना शब्द" एवढं सांगून मोकळ्या होतात. त्यामानाने एटिमऑनलाइन, म्हणजे डग्लस हार्पर यांनी उभी केलेली शब्दांच्या व्युत्पत्तीची साइट, वाचायला फुकट आणि एका शब्दातून दुसऱ्यात शिरलात की तास कसा गेला कळत नाही.

वेन हा अस्सल जुन्या इंग्रजीतला आणि वॅगन नंतर डचमधून आलेला, दोघं सख्खे चुलतभाऊ, पण झालं काय की पाहुणा घरात बसला आणि घरचा बाहेर. मुळात जो धातू आहे तोच संस्कृत वह् चा, म्हणजे आपलं वाहन, वाहणे सगळं त्याच गोतावळ्यातलं, आणि लॅटिनकडून आलेलं व्हेइकलपण. 1600 च्या सुमारास वेन बराचसा वापरातून गेला, कवींनी मात्र सोडला नाही, कारण सरळ आहे, यमक! वेनला रेन, ग्रेन, लेन, हवं ते घ्या, वॅगनला काय, ड्रॅगन?

सगळ्यात आवडला तो ‘चार्ल्सेस वेन’, म्हणजे आपले सप्तर्षी. चार ताऱ्यांचा चौकोन ही गाडी आणि बाकीचे तीन तिची दांडी, बघायला लागलं की खरंच गाडी दिसते. हा चार्ल्स म्हणजे युरोपातला शार्लमेन बादशहा असं मध्ययुगात मानायचे, पण जवळच्या स्वाती ताऱ्याचं नाव आर्क्टुरस, ते आर्थरसारखं वाटतं म्हणून दंतकथांतला राजा आर्थरही ह्या भानगडीत कसा घुसला तेही तिथे दिलंय, भारी आहे.

आता तक्रार. उच्चार दिलेला नाही, वाक्यात वापरून दाखवलेलं नाही. शब्द आज नक्की कुठे चालतो हे समजायला दुसरीकडेच जावं लागतं. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलचं 1821 चं ‘द हे वेन’ हे चित्र (लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे) बघा, स्टूर नदीच्या उथळ पाण्यात घोडे जुंपलेली रिकामी गाडी उभी आहे, ते बघितल्यावर वेन म्हणजे शेतातला माल वाहायची मोठी गाडी हे एका नजरेत कळतं. वेनराइट म्हणजे अशा गाड्या बनवणारा कारागीर, आता मुख्यतः आडनावात उरलाय. बाकी आज कोणी ट्रकला वेन म्हणालं तर समोरचा बघतच राहील.

माझ्याकडून पाचात चार. उच्चार आणि उदाहरणांसाठी जोडीला विक्शनरी ही फुकट ऑनलाइन डिक्शनरी उघडी ठेवा. आणि सर्चमध्ये स्पेलिंग नीट टाका, नाहीतर त्याच उच्चाराचा चंद्र क्षीण होण्याचा ‘वेन’ उघडेल, त्याचा गाडीशी काडीचाही संबंध नाही.