लीगल मिस्टरीची नायिका: लॉची विद्यार्थिनी की सनद मिळालेली वकील?

एकटीने मूल वाढवणारी, पैशांच्या ओढाताणीतली बाई आणि एक खून, एवढं ठरलं की पुढचा प्रश्न येतो: ती अजून एलएलबी करतेय, की काळा कोट चढवून कोर्टात उभी आहे? पहिलं प्रकरण लिहिण्याआधी हे ठरवाच.

वकील घेतलीत तर दारं उघडतात. वकीलपत्र दाखल केलं की आरोपीला तुरुंगात भेटता येतं, उलटतपासणी तीच घेते. पण तोंडाला कुलूपही लागतं. अशिलाने विश्वासाने दिलेली कबुली भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 मुळे तिला फोडता येत नाही, मग भलताच माणूस आत सडत असला तरी. कोंडीची कादंबरी लिहायची असेल तर हा मार्ग दमदार आहे. चणचणही सनदेने संपत नाही. शहरातल्या ज्युनिअरला महिना किमान 20,000 रुपये द्यावेत असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2024 मध्ये सांगितलं, तेही शिफारस म्हणून.

विद्यार्थिनीला दुसऱ्याची केस चालवता येत नाही. अधिवक्ता अधिनियम, 1961 नुसार वकिली फक्त सनदधारकाची. तिने सेशन्स कोर्टात उठून साक्षीदाराला घाम फोडला की जाणकार वाचक पुस्तक मिटतो. तिच्या वाट्याला सिनिअरच्या ऑफिसातल्या फायली येतात. तिथे रोजनामा, म्हणजे कोर्टाच्या तारखेगणिक कामकाजाची नोंद, चाळताना दिसतं: ज्या तारखेला साक्षीदार गैरहजर नोंदलाय, त्याच तारखेच्या अर्जावर कोर्टात केलेली त्याची सही आहे. अधिकार नाही म्हणून डोकं चालवावं लागतं, आणि रहस्यकथेला तेच हवं असतं. वर 70 टक्के हजेरीची अट. मुलाला ताप आला, तर घरी थांबायचं की परीक्षेचा फॉर्म वाचवायचा?

शिवाय एका कोर्टात ती हक्काने बोलू शकते. कुटुंब न्यायालय अधिनियम, 1984 च्या कलम 13 प्रमाणे तिथे वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क नसतो. कोर्टाची परवानगी लागते. म्हणजे वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात मुलाच्या पोटगीचा अर्ज ती स्वतः चालवेल, नवऱ्याला प्रश्नही स्वतः विचारेल. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. नवऱ्याच्या त्या कागदात मयताकडून घेतलेल्या कर्जाची एक ओळ पेरा. कळसाचा प्रसंग कुठलाही कायदा न वाकवता तिच्या तोंडी येतो.

म्हणून कोर्टातली जुगलबंदी हाच तुमचा जीव असेल तर वकील घ्या, पण शोध रंगवायचा असेल तर माझं मत ठामपणे विद्यार्थिनीला. गुन्ह्याची तारीख मात्र आधी पक्की करा: 1 जुलै 2024 पासूनच्या खुनाला कलम 302 नाही, भारतीय न्याय संहितेचं 103 लागतं.