पाणी तपासायची एच२एस बाटली, तीन महिने वापरल्यावर

आधी घेतली का ते सांगते. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो. जानेवारी २०२५ मध्ये इकडे नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (हातपाय लुळे पडतात तो मज्जातंतूंचा आजार) पेशंट निघाले आणि त्यातल्या काहींच्या शौचाच्या सॅम्पलमध्ये कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा बॅक्टेरिया सापडला, तेव्हापासून पाणी गढूळ दिसलं तरी माझ्या पोटात गोळा येतो. त्यात या पावसाळ्यात आमच्या बिल्डिंगमधली चार पोरं एकाच आठवड्यात जुलाबाने आडवी झाली, माझ्या धाकट्याला तर ताप आणि रक्ताची आव, डॉक्टरांनी शौचाचं कल्चर करायला लावलं तर शिगेला नावाचा बॅक्टेरिया निघाला. शिगेलाचे दहा ते शंभर जंतू पोटात गेले तरी पुरतात म्हणे, मी तर ऐकूनच गार पडले.

गावी माझे दीर जलसुरक्षक आहेत, म्हणजे गावच्या पाण्याची तपासणी बघतात, त्यांना फोन केला तर म्हणाले वहिनी, आधी एच२एसच्या बाटल्या आणा आणि एकाच नळाचं नको, तीन ठिकाणचं पाणी भरा. दहाचा बॉक्स मागवला, एक बाटली साधारण ४० रुपयांना पडली.

वापरायला एकदम सोपी. तळाला वाळलेलं औषध असतं, खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकणाच्या आत बोट लागू द्यायचं नाही, हलवायचं आणि उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवून द्यायची. पाण्यात मैला मिसळलेला असेल तर त्यातले काही बॅक्टेरिया हायड्रोजन सल्फाइड (म्हणजेच एच२एस) वायू सोडतात, त्याची औषधातल्या लोहाशी गाठ पडली की पाणी काळं होतं. ही पद्धत आपल्याकडचीच आहे, ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडलेली, मला खूप अभिमान वाटला वाचून.

आमचा रिझल्ट: मेन लाइनचं पाणी फिकट पिवळसरच राहिलं, खालच्या टाकीचं दुसऱ्या दिवशी सकाळी डांबरासारखं काळं, आणि किचनच्या नळाचंही काळं. म्हणजे बाहेरून येणारं पाणी ठीक होतं, घाण आमच्या टाकीत शिरत होती. प्लंबरने खणलं तर शेजारून जाणारी ड्रेनेजची लाइन फुटलेली. मीटिंगमध्ये दोन महिने जे कोणी ऐकत नव्हतं ते त्या काळ्या बाटल्या टेबलवर ठेवल्यावर दहा मिनिटांत ठरलं. याच कारणासाठी मी पाचपैकी चार स्टार देतेय.

आता एक स्टार का कापला. ही बाटली कुठला बॅक्टेरिया आहे ते सांगत नाही, आणि हे बॉक्सवर ठळक लिहायलाच हवं होतं. शिगेला हा वायू करत नाही, ई. कोलायपण सहसा करत नाही आणि कॉलराचा जंतूही नाही, पाणी काळं करतात ते मैल्यातून त्यांच्यासोबत येणारे सिट्रोबॅक्टर, साल्मोनेला, प्रोटियस वगैरे. व्हायरस तर यात कळतच नाही. म्हणून पाणी काळं झालं नाही याचा अर्थ बिनधास्त प्या असा नाही, आणि घरात कोणाला शौचातून रक्त पडत असेल तर बाटलीच्या नादी न लागता ओआरएस सुरू करून सरळ डॉक्टर गाठा. उलट बाजूने, बोअरच्या पाण्याला मुळातच सडक्या अंड्यासारखा वास असेल तर मैला नसतानाही बाटली काळी होऊ शकते.

दुसरं, थंडीचं काही लिहिलेलं नाही. ३० ते ३७ डिग्री लागते, ती नोव्हेंबरात घरात कुठून आणायची, मी एक बाटली ओट्यावर ठेवली तर दोन दिवस काहीच नाही, मग त्याच टाकीची दुसरी भरून दह्याच्या भांड्यासारखी टॉवेलात गुंडाळून उबेत ठेवली तर काळी झाली. तिसरं, काळी झालेली बाटली तशीच बेसिनमध्ये ओतू नका, त्यात जंतू वाढवलेले असतात, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून थोडा वेळ ठेवून मगच संडासात ओता आणि हात साबणाने धुवा. ही सूचना पत्रकात इतक्या बारीक अक्षरात आहे की सासूबाईंना चष्मा लावूनही वाचता आली नाही.

सोबत ओटी टेस्टपण घ्या, म्हणजे पाण्यात किती क्लोरीन उरलंय ते रंगावरून दाखवणारी टेस्ट, नळाला निदान ०.२ पीपीएम (लिटरला ०.२ मिलिग्रॅम) यायला पाहिजे. टाकी धुऊन लाइन बदलल्यावर परवा पुन्हा तीन बाटल्या भरल्यात, आज ४० तास झाले, तिन्ही अजून पिवळसर आहेत.