सिल्डेनाफिल की टॅडालाफिल : दोन्ही गोळ्या वापरून पाहिल्यानंतर

मला 12 वर्षांपासून शुगर आहे. पन्नाशी ओलांडल्यावर लिंगाला पुरेशी ताठरता येईनाशी झाली, तरी वर्षभर मी हे कुणाला सांगितले नाही. शेवटी लातुरातल्या एका मेडिकलमध्ये, शेजारचे गिऱ्हाईक निघून जाईपर्यंत खोकल्याच्या बाटल्यांकडे पाहत उभा राहिलो आणि दबक्या आवाजात गोळी मागितली. काउंटरवरच्या मुलाने चिठ्ठी मागितली नाही, दुसरे कोणते औषध चालू आहे हेही विचारले नाही. सिल्डेनाफिल 100 मिलिग्रॅमची पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून हातावर ठेवली. वास्तविक हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकताच येत नाही. त्या रात्री चेहरा तापला, नाक चोंदले, कपाळ ठणकू लागले आणि ट्यूबलाइटच्या उजेडाला निळसर झाक आली. घाबरून पत्नीला सगळे सांगितले आणि पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघे युरॉलॉजिस्टकडे गेलो.

डॉक्टरांनी गोळीचे नाव काढण्याआधी जिना चढताना छातीत कळ येते का, हे विचारले. बीपी मोजले, ईसीजी काढला, तीन महिन्यांची सरासरी शुगर आणि सकाळच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन तपासून घेतले. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे बिघाडाची पहिली खूण कधीकधी तिथेच दिसते, असे त्यांनी समजावून सांगितले. वर्षभर गप्प राहिल्याने माझे खरे नुकसान झाले ते इथेच, कारण ती तपासणी तेवढी लांबली होती.

सिल्डेनाफिल आणि टॅडालाफिल ही दोन्ही औषधे एकाच कुळातली आहेत. इच्छा जागी झाल्यावर शरीरात जी क्रिया सुरू होते, तिच्यामुळे रक्तवाहिन्या सैल होतात. ती क्रिया लवकर थांबू नये एवढेच काम या गोळ्या करतात. मनात इच्छाच नसेल तर गोळी घेऊनही काही होत नाही. फरक आहे तो वेळेचा.

डॉक्टरांनी आधी सिल्डेनाफिल 50 मिलिग्रॅम दिली. ती साधारण तासभर आधी घ्यावी लागते आणि असर चार-पाच तास राहतो. रिकाम्या किंवा हलक्या पोटी ती माझ्या बाबतीत चोख काम करत असे. मात्र पाहुणे आलेल्या एका रविवारी तर्रीदार मटण आणि भाकरी जेवून घेतलेली गोळी फार उशिरा लागू पडली, कारण तेलकट जेवणानंतर ती रक्तात सावकाश उतरते. शिवाय आमच्या दोन खोल्यांच्या घरात आई-वडील आहेत आणि दहावीचा मुलगा कधी झोपेल याचा नेम नसतो. घड्याळ लावून गोळी घेणे आणि मग वाट पाहणे आम्हा दोघांनाही अवघड जात होते.

म्हणून नंतर टॅडालाफिल आली. 10 मिलिग्रॅमच्या एका गोळीचा असर 36 तासांपर्यंत टिकू शकतो आणि जेवणाचा तिच्यावर परिणाम होत नाही. दुसऱ्या दिवशी माझी कंबर आणि पोटऱ्या दुखल्या. त्यावर डॉक्टरांनी रोज 5 मिलिग्रॅम घ्यायला सांगितले, तेव्हा ते दुखणे जवळजवळ राहिले नाही. हीच मात्रा प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने होणाऱ्या लघवीच्या त्रासावरही देतात. रात्री लघवीसाठी माझे उठणे त्यामुळे कमी झाले. महिन्यातून एखाद्या वेळीच गरज पडत असेल, तर शरीरातून लवकर निघून जाणारी सिल्डेनाफिल मला अधिक सोयीची वाटते. आमच्यासारख्या घरात मी टॅडालाफिललाच पसंती देईन. मात्र गजकर्णासाठी इट्राकोनाझोल सुरू असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगावे, कारण त्याने या गोळ्यांचे रक्तातले प्रमाण वाढते.

सर्वांत मोठी भीती नायट्रेटची, म्हणजे छातीत दुखण्यावर देतात त्या सॉर्बिट्रेटसारख्या औषधांची आहे. वडिलांची छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट आमच्या देवघराखालच्या खणात असते, आणि माझी पहिली पट्टीही मी त्याच खणात लपवली होती. नायट्रेट आणि या गोळ्या एकत्र आल्या तर रक्तदाब धोकादायक रीतीने कोसळतो. टॅडालाफिलनंतर किमान 48 तास आणि सिल्डेनाफिलनंतर 24 तास नायट्रेट चालत नाही. आता माझी गोळी कपाटात वेगळी असते, आणि माझ्या पाकिटात पत्नीच्या अक्षरातली चिठ्ठी आहे : ‘टॅडालाफिल रोज चालू आहे, छातीत दुखले तर सॉर्बिट्रेट देऊ नये, आधी डॉक्टरांना हे दाखवावे.’