थुनार की पीसीमॅनएफएम?

राजारामपुरीतला फोटोवाला मित्र परवा अडून बसला, "भावा, २ जीबी रॅमच्या जुन्या पीसीवर लिनक्स टाकलंय, फाइल मॅनेजर कुठला ठेवू?" मग त्याच्याच मशीनवर थुनार आणि पीसीमॅनएफएम हे दोन फाइल मॅनेजर, म्हणजे फाइली-फोल्डर उघडायचे प्रोग्राम, चालवून बघितले. दोन्ही फुकट, म्हणजे पैशाचा प्रश्नच नाही.

वेगात एलएक्सडीई या लिनक्सच्या हलक्या डेस्कटॉपबरोबर येणारा पीसीमॅनएफएम पुढं. क्लिक केलं की खिडकी उघडलीच. एक्सएफसीई या दुसऱ्या डेस्कटॉपचा थुनार पहिल्यांदा जरा रेंगाळला, नंतर फरक कळला नाही. एफ३ दाबून दोन फोल्डर शेजारी-शेजारी दोन्हींत दिसतात, पण थुनारमध्ये ही सोय ४.१८ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ च्या अखेरीस आली. जुनी आवृत्ती असेल तर विसरा.

खरी गंमत नावं बदलण्यात. लग्नाचे चारशे फोटो निवडून एफ२ दाबलं, तर थुनारनं 'हळद-००१' पासून ओळीनं नंबर लावून दिले, तेही नवी नावं आधी दाखवून. पीसीमॅनएफएममध्ये एकेक करत बसायचं, तोवर चहा गार. चुकून फाइल हलली, तर नव्या थुनारमध्ये कंट्रोल-झेडनं परत येते.

मित्रानं थुनारच ठेवावा. नुसत्या पेनड्राइव्हवरच्या फाइली इकडं-तिकडं करायच्या असतील, आणि रॅम २ जीबीहून कमी असेल, तर पीसीमॅनएफएम घ्या.