रॅग्लन बाही: गळ्याकडून खाली विणावी की घेराकडून वर?

क्रोशाच्या स्वेटरचा पॅटर्न निवडताना 'टॉप-डाउन' (गळ्याकडून खाली) आणि 'बॉटम-अप' (घेराकडून वर) हे दोन शब्द हमखास आडवे येतात. दोन्हींत रॅग्लनची, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंत जाणारी, तीच तिरकी रेघ असते आणि टाक्यांचा हिशेबही तोच असतो. फरक पडतो तो चूक कधी लक्षात येते आणि ती निस्तरायला किती उसवावं लागतं, यात.

म्हणून आधी हिशेब पाहू. समजा 10 सेंमीत 14 खांब (सुईवर एक वेढा घेऊन विणलेले उंच टाके) आणि 8 ओळी बसतात आणि तयार स्वेटरचा छातीचा घेर 96 सेंमी हवा आहे. गळ्याशी पाठीला 29, पुढच्या भागाला 29 आणि दोन्ही बाह्यांना 13-13 असे 84 खांब घ्यायचे. या चार भागांच्या मध्ये चार कोपरे येतात. प्रत्येक ओळीत कोपऱ्यातल्या साखळीत एक खांब, एक साखळी, एक खांब घालायचा. असं केलं की प्रत्येक भाग दोन्ही बाजूंनी एकेक टाका वाढतो, म्हणजे ओळीला 8 खांब. 84, 92, 100, 108... मोजणी या पाढ्यातून सुटली तर पुढे जाऊ नका, कोपरा चुकलेला असतो. नाहीतर सुरुवातीच्या तीन साखळ्या कधी खांब म्हणून मोजल्या जातात आणि कधी राहून जातात.

वाढीच्या 16 ओळींनंतर 212 खांब होतात: पाठ आणि पुढचा भाग 61-61, बाह्या 45-45. पहिली ओळ आणि शेवटची एक साधी ओळ धरून 18 ओळी, म्हणजे 22.5 सेंमी खोली. आता बाह्यांचे टाके सोडून द्यायचे आणि दोन्ही काखांत 6-6 साखळ्या घालायच्या. 61 + 61 + 12 = 134, झाला 96 सेंमीचा घेर. बाही 45 + 6 = 51, म्हणजे दंडाशी साधारण 36 सेंमी.

बॉटम-अपमध्ये हाच आकडा उलटा चालतो. 134 चं अंग काखेपर्यंत विणायचं. बाह्या मनगटाच्या 29 खांबांपासून दर तिसऱ्या ओळीत 2 वाढवत 51 पर्यंत वेगळ्या आणायच्या. काखेतले 6-6 टाके न विणता ठेवून सगळं एकत्र जोडायचं. मग प्रत्येक कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन खांब एकत्र घेत ओळीला 8 घटवत 84 वर पोचायचं.

पहिलाच स्वेटर असेल, अंगाचं माप पॅटर्नशी जुळत नसेल किंवा लोकर पुरेल की नाही अशी धाकधूक असेल, तर टॉप-डाउनच घ्या. 18 ओळींनंतर तो अंगात घालून बघता येतो. काख दाटली तर आणखी दोन ओळी घालायच्या, सैल वाटली तर दोन उसवायच्या. लोकर संपत आली तर बाह्या पाऊण ठेवता येतात. आणखी एक फायदा फारसा कुणी सांगत नाही: सुरुवातीची साखळी फारशी ताणली जात नाही, त्यामुळे स्वेटरच्या वजनाने गळा लोंबत नाही. मात्र ती साखळी एक नंबर मोठ्या सुईने घाला आणि पहिल्या दोन ओळींनंतर डोक्यातून जाते का ते पाहा.

टॉप-डाउनची दुखरी जागा म्हणजे काख. बाही उचलताना सहा साखळ्यांच्या दोन्ही टोकांना भोक पडतं. तिथे काखेच्या कडेचा आणि बाहीचा टाका एकत्र विणला की ते मिटतं. शिवाय बाही विणताना अख्खा स्वेटर मांडीवर फिरवत राहावा लागतो. बॉटम-अपची बाही सुटी असते, पिशवीत मावते, लोकलमध्येही विणून होते. काखेतले टाके शेवटी सुईने शिवल्यामुळे जोडही पक्का बसतो.

बॉटम-अपकडे वळायचं खरं कारण वेगळं आहे: नक्षी. शिंपल्यांची किंवा पंख्यांची वीण वरून खाली घेतली तर पंखे खाली उघडतात, म्हणजे चित्र उलटं. अशी वीण हवी असेल तर घेरापासूनच सुरुवात करा. धोका इतकाच, की माप चुकल्याचं कळेपर्यंत अंग आणि दोन्ही बाह्या विणून झालेल्या असतात.

दोन्ही प्रकारांत सर्वाधिक स्वेटर बिघडतात ते टाका बदलल्यामुळे. खांबाच्या गेजमध्ये, म्हणजे 10 सेंमीत बसणाऱ्या टाक्या-ओळींच्या वरच्या मापात, 10 सेंमी उंचीत प्रत्येक भाग सुमारे 11 सेंमी रुंदावतो. तोच पॅटर्न मुक्या खांबाने (वेढा न घेता विणलेल्या बुटक्या टाक्याने) विणला, समजा 16 टाके आणि 18 ओळींच्या गेजने, तर तेवढ्याच उंचीत 22 सेंमीहून जास्त वाढ होते. काखेपर्यंत पोचायच्या आतच घेर पुरा होतो आणि खांद्यांवर झालरीसारखा फुगारा येतो. मुक्या खांबाला एकाआड एक ओळीतच वाढ द्या. नावांचा घोळही इथेच नडतो: अमेरिकन पॅटर्नमधला 'डबल क्रोशे' म्हणजे आपला खांब, ब्रिटिश पॅटर्नमध्ये मात्र त्याच नावाचा अर्थ मुका खांब.

मोठ्या मापात वेगळी अडचण येते. अंगाला हवी तेवढी वाढ दिली की बाहीही तितकीच फुगते. अशा वेळी खालच्या तिसऱ्या हिश्श्यात अंगाला प्रत्येक ओळीत आणि बाहीला एकाआड एक ओळीत वाढ द्या. मागचा-पुढचा गळा सारख्याच उंचीचा असलेला पॅटर्न तर कुणालाच नीट बसत नाही, पुढची कड घशाला टोचते. पाठीच्या बाजूला दोन-तीन अर्धवट ओळी घातल्या की मान अडीच ते पावणेचार सेंमी उचलली जाते. टॉप-डाउनमध्ये हे गळ्यापाशीच, सुरुवातीला करायचं असतं. बॉटम-अपमध्ये ते अगदी शेवटी येतं, तेव्हा स्वेटर अंगात घालून किती उचलायचं ते ठरवता येतं.